श्रुतलेखन आणि अपोलो 13



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी अंतराळयानाचा विषय घ्यावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु अपोलो 13 चा वृत्तान्त मी वाचतो तो भाषेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून. संकटात सापडलेली तीन माणसे परतली, ती बोललेल्या, ऐकलेल्या आणि लिहून घेतलेल्या शब्दांच्या आधाराने, असे माझे मत आहे.

11 एप्रिल 1970 रोजी जेम्स लोव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेझ चंद्राकडे निघाले. 13 एप्रिलच्या रात्री, पृथ्वीपासून सुमारे 3 लाख 20 हजार किलोमीटरवर, प्राणवायूची दुसरी टाकी फुटली. पहिलीही गळू लागली. मुख्य यान 'ओडिसी' याची वीज याच प्राणवायूपासून तयार होत असे, म्हणजे श्वास आणि दिवा एकदमच विझणार होते. स्विगर्टने ह्यूस्टनला कळवले आणि लोव्हेलने पुन्हा उच्चारले, ते वाक्य 'अडचण आली आहे' अशा पूर्ण वर्तमानकाळातले होते. 1995 च्या चित्रपटाने त्याचा साधा वर्तमानकाळ केला आणि जगाच्या तोंडी तोच बसला. 'अपयश हा पर्यायच नाही' हे जीन क्रॅन्झ यांच्या नावावर चालणारे वाक्यही चित्रपटलेखकांचेच. खऱ्या नियंत्रणकक्षात अशी वाक्ये थोडी आणि आकडे फार होते.

तिघांनी चांद्रयान 'अ‍ॅक्वेरियस'चा आश्रय घेतला. ओडिसीचा संगणक बंद करण्यापूर्वी यानाच्या दिशेचे कोन रूपांतरित करून चांद्रयानात भरावयाचे होते. लोव्हेलने हिशेब केला आणि 'माझी बेरीज-वजाबाकी तपासून पाहा' असे ह्यूस्टनला सांगितले. पूर्वी तीनदा अंतराळात जाऊन आलेल्या कप्तानाने हे निःसंकोच म्हणावे, याचे मला फार मोल वाटते.

अ‍ॅक्वेरियस दोघांसाठी सुमारे 45 तासांच्या बेताने बांधलेले होते. त्यात आता तिघांना सुमारे 90 तास काढायचे होते. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला पेलाभर पाणी, आणि ओडिसीत थंडी 3 अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेली. पण जीवघेणी होती ती त्यांच्याच उच्छ्वासातील कर्बद्विप्राणिल वायूची वाढ. तो शोषणारे डबे ओडिसीत चौकोनी, तर अ‍ॅक्वेरियसमध्ये गोल. चौकोनी डबा गोल तोंडाच्या यंत्रणेला जोडायचा, तोही पुस्तिकेचा पुठ्ठा, प्लास्टिकची पिशवी, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांनी. ह्यूस्टनमधील मंडळींनी ती जोडणी स्वतः करून पाहिली. मात्र वर आकृती पाठवण्याची सोय नव्हती. सारे शब्दांत सांगायचे होते. यानाशी एका वेळी एकानेच बोलायचे, तेही शक्यतो अंतराळवीराने, असा दंडक होता. हे काम जोसेफ कर्विनकडे आले. पट्टी किती कापायची? साधारण तीन फूट, म्हणजे लांब केलेल्या हाताएवढी. मोजपट्टी शोधण्याचे कामच उरले नाही! सुमारे तासाभरात जोडणी झाली आणि हवा सुधारली.

शेवटी निद्रिस्त ओडिसीला मोजक्या विजेवर जागे करायचे होते. एरवी महिनोन्महिने चालणारे कृतिक्रमाचे लेखन जॉन अ‍ॅरन आदींनी तीन दिवसांत केले. केन मॅटिंग्ली याने सराव-यानात तो पडताळला आणि त्यानेच तो वर वाचून दाखवला. जर्मन गोवराच्या (रुबेलाच्या) संशयामुळे ऐनवेळी वगळला गेलेला हाच तो. आणि ऐकून लिहून घेणारा, त्याच्या जागी गेलेला स्विगर्ट. आपल्या श्रुतलेखनात गुरुजी सांगतात आणि मुले लिहितात. येथे लिहिणाऱ्याने ऐकलेले परत म्हणून दाखवायचे होते. उपाशी, गारठलेल्या, झोपेविना थकलेल्या माणसाने हे श्रुतलेखन सुमारे दोन तास केले. 17 एप्रिल रोजी ओडिसी प्रशांत महासागरात उतरले.

याच्या उलट, टाकी फुटण्याचे मूळ कागदात होते. टाकीतील तापकाला प्रक्षेपणतळावर 28 ऐवजी 65 व्होल्टची वीज मिळणार, असा सुधारित तपशील 1965 मध्ये निघाला. त्याप्रमाणे आतील सुरक्षा-स्विच मात्र बदलले गेले नाहीत, आणि पुढच्या तपासण्यांत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मार्च 1970 मध्ये टाकी रिकामी करण्यासाठी तापक सुमारे आठ तास चालू ठेवला. स्विच चिकटून बसले, तारांवरचे वेष्टन जळाले. टाकीचा तापमापक 80 अंश फॅरनहाइटच्या पुढे दाखवतच नव्हता. त्यामुळे आत सुमारे 1000 अंशांची धग पेटलेली असताना बाहेर 80 चाच आकडा दिसत राहिला.