गाविलगडावर एका पोरानं विचारलं, "मग जिंकलं कोण?"

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या डिसेंबरात मी आणि माझा एक वर्गमित्र (जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, नाव टाकू नको म्हणाला) हिंगोलीहून गाडीवर चिखलदऱ्याला गेलो. दोघंही पंचेचाळिशीच्या आसपासचे. घरच्यांनी वेड्यात काढलं. एसटी आहे, रेल्वे आहे, अन् तुम्ही थंडीत अडीचशे किलोमीटरच्या वर गाडीवर? पण आमचं ठरलेलं होतं. १८०३ सालच्या लढाईच्या जागा पाहायच्या, त्याही जमिनीला चिकटून. कारच्या काचेतून चढ समजत नाही.

पहिला थांबा कनेरगाव नाका. आपण वाशिमला जाता-येता इथं शंभर वेळा चहा पितो, पण नावात 'नाका' का आहे याचा विचार कधी करत नाही. पैनगंगेच्या अलीकडं निजाम, पलीकडं वऱ्हाड. ही सरहद्द होती. आणि ही सरहद्द अशी का पडली याचं एक टोक आपल्या हिंगोलीत आहे अन् दुसरं गाविलगडाच्या पायथ्याशी.

हिंगोलीतली नावं आठवा. पलटण, तोफखाना, रिसाला बाजार, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही सगळी छावणीची नावं आहेत. निजामाच्या पैशावर पोसलेली अन् इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात चालणारी हैदराबाद कंटिंजंट ही फौज १९०३ पर्यंत इथं होती. याच फौजेच्या आधीच्या पलटणींनी १८१९ च्या जानेवारीत नोव्हाच्या गढीला वेढा घालून नोवसाजी नाईकांचा हटकरांचा उठाव मोडला. पुढं 'नोव्हा' हे नाव युद्धसन्मान म्हणून त्या पलटणींच्या निशाणावर चढलं. आपल्याच भागातल्या माणसांना मारल्याचा सन्मान. ते असो, त्यावर वेगळी पोस्ट लिहायची आहे.

वाशिम, मालेगाव, पातूर करत अकोला गाठलं. गांधीग्रामला पूर्णा ओलांडली अन् अकोटच्या पुढं उजव्या हाताला न वळता आधी वाट वाकडी करून अडगावला गेलो. तेल्हारा तालुक्यातलं हे अडगाव म्हणजे इंग्रजी पुस्तकातलं 'आर्गाव'. २९ नोव्हेंबर १८०३ ला इथं नागपूरकर भोसले अन् शिंद्यांची फौज एका बाजूला, आर्थर वेलस्लीची दुसऱ्या बाजूला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. दोन महिने आधी, २३ सप्टेंबरला, त्यानं आपल्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई जिंकली होती. असईला न डगमगलेले त्याचे काही शिपाई अडगावला मराठ्यांच्या तोफा सुरू होताच मागं पळाले. वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना परत रांगेत उभं केलं. आम्ही गेलो तेव्हा शेतात तूर उभी होती, कापसाची वेचणी चालू होती. सपाट रान, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. बांधावरच्या बाईनं विचारलं, "मोजणीवाले का?" नाही म्हटल्यावर तिचा आमच्यातला रस संपला.

मग अंजनगाव सुर्जी. पानमळ्यांचं गाव. याच गावात ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांच्या वतीनं तहावर सही झाली. त्याआधी १७ डिसेंबरला जवळच देवगावला रघुजी भोसल्यांच्या वतीनं. म्हणजे मराठ्यांच्या दोन मोठ्या सत्ता पंधरा दिवसांत याच पट्ट्यात वाकल्या. दोन सह्यांच्या आधी जे घडलं ते डोक्यावरच्या डोंगरात, गाविलगडावर.

परतवाडा सोडलं की घाट लागतो. आमची गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हायला लागली, तेव्हा मित्र मागून म्हणाला, "अरे, लोकांनी इथं तोफा ओढल्या." तोफा ओढल्या त्या या रस्त्यानं नाही, पण डोंगर हाच.

कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला निघाली अन् १२ तारखेला किल्ल्याच्या उत्तरेला पोचली. जवळजवळ तीस मैल. रस्ता नव्हताच, तो आधी फौजेनं तयार करायचा अन् मग जड तोफा दोरखंड लावून हातांनी ओढायच्या. हे कष्ट कशासाठी? गाविलगडाच्या बाकी बाजूंना कडे आहेत. डोंगराच्या पठाराला किल्ला जोडला जातो तो फक्त उत्तरेकडं. वेलस्ली स्वतः दक्षिणेकडून तोफा लावून बसला, पण त्या चढावर जड तोफा नेणं जमलं नाही अन् हलक्या तोफांनी भिंतीचं फारसं बिघडलं नाही. खरं काम उत्तरेकडून झालं. दोन-तीन दिवसांत तटाला खिंडार पडलं. १५ डिसेंबरच्या सकाळी दहाच्या सुमारास हल्ला. पुढं असलेला लेफ्टनंट कर्नल केनी जखमी झाला अन् त्यातच गेला.

पण खिंडारातून आत शिरले म्हणजे किल्ला पडला असं नाही. तो बाहेरचा किल्ला. मध्ये खोल दरी, पलीकडं आतल्या किल्ल्याची भिंत. तिथं हल्ला अडला. मग कॅप्टन कॅम्पबेलची एक तुकडी दरी उतरून पलीकडं चढली, भिंतीला शिड्या लावून आत गेली अन् दार आतून उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दरवाजांजवळ आतल्या लोकांच्या प्रेतांचा खच पडला होता. त्या दरीच्या काठावर आम्ही बसलो. मी वर्षानुवर्षं बातम्या लिहितो, पण 'दरवाजाजवळ खच' म्हणजे काय हे त्या अरुंद वाटेत उभं राहिल्यावर कळलं. पळायला जागाच नाही हो. एका बाजूला भिंत, दुसरीकडं कडा.

गंमत बघा, आज चिखलद्याहून येणारा पर्यटक त्याच उत्तरेच्या बाजूनं किल्ल्यात शिरतो. किल्ल्याची कमजोर बाजू तीच आपली सोयीची बाजू.

चिखलदरा म्हणजे १११८ मीटर उंची, कॉफीचे मळे, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, भीमकुंड, हरिकेन पॉइंट. या पॉइंटांवर मक्याची कणसं, घोडे, सेल्फी अन् गर्दी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी पण कणीस खाल्लं. दरीतून ढग वर येतात ते बघण्यासारखंच आहे. पण तिथून थोड्याच अंतरावरच्या किल्ल्यात आम्ही तासभर फिरलो तेव्हा माणसं मोजकीच. दिल्ली दरवाजावर दोन तोंडांच्या गंडभेरुंड पक्ष्याचं शिल्प आहे, पडकी मशीद आहे, तळी आहेत, गवतात मोठ्या तोफा आहेत. १८५८ मध्ये इंग्रजांनी किल्ला निकामी केला, पुन्हा कुणा बंडवाल्याच्या हाती लागू नये म्हणून. १८०३ ला तिथं काय झालं हे मराठीत सांगणारी एकही पाटी मला दिसली नाही. इंग्रजी वाचकाला मात्र हा किल्ला माहीत आहे, कारण बर्नार्ड कॉर्नवेलनं १९९९ मध्ये 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी याच वेढ्यावर लिहिली.

तिथं कॉलेजची चार पोरं रील काढत होती. एकानं मला विचारलं, "काका, शिवाजी महाराजांचाच ना हा किल्ला?" मी म्हटलं नाही रे, बहामनी अहमदशहानं १४२५ मध्ये बांधला, पुढं इमादशाही, मोगल, मग नागपूरकर भोसले. मग मी लढाई सांगितली. शिड्या, दरी, सगळं. पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती, हे विशेष. शेवटी तोच पोरगा म्हणाला, "मग जिंकलं कोण?"

मी म्हणणार होतो, "आपण हरलो." अन् जीभ अडखळली. कोण आपण? तो वऱ्हाडातला, त्याचं ठीक. पण मी हिंगोलीचा. १८०३ ला हिंगोली निजामाकडं, अन् निजाम इंग्रजांच्या बाजूला. स्टीव्हन्सनची ती फौज म्हणजे हैदराबादची तैनाती फौज. तोफा ओढणारे, शिड्या चढणारे बरेचसे हिंदी शिपाईच. म्हणजे माझ्या पणजोबाच्या पणजोबाचा शेतसारा त्या तोफेच्या बाजूला होता, तटाच्या नाही. होळकर त्या वर्षी लढाईत उतरलेच नाहीत, पेशव्यानं आदल्या डिसेंबरात वसईचा तह करून इंग्रजांना घरात घेतलं होतं. 'आपण' अशी एक बाजू १८०३ ला कुठं होती?

देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला अन् निजामाला मिळाला. पण ज्या फौजेच्या जोरावर निजाम निश्चिंत होता, त्याच फौजेच्या खर्चाची थकबाकी डोक्यावर बसली अन् १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. १९०२ ला वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टा. त्या खर्चातच आपल्या हिंगोलीची छावणीही होती. कनेरगावचा नाका असा पडला, मंडळी.

२०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. आनंदच आहे. त्यात मराठवाड्यातला अन् विदर्भातला एकही नाही. हेवा नको, पण गाविलगडावर निदान खिंडाराच्या जागी एक पाटी लावायला युनेस्को लागत नाही. पाटीवर बेनीसिंगाचं नाव हवं अन् कोण कोणाच्या बाजूनं लढलं हेही खरं खरं हवं. पुरातत्त्व अन् वन, दोन्ही खात्यांना मी पत्र टाकलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो.

जाणाऱ्यांसाठी: मेळघाटचं जंगल आहे, अस्वल-बिबट्याचा वावर आहे, अंधार पडायच्या आत किल्ल्यातून बाहेर पडा. पाणी सोबत ठेवा. घाटात उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. त्या पोराला मी शेवटी एवढंच म्हटलं, "जिंकलं कोण ते सांगतो, आधी दरी उतरून ती भिंत बघून ये." तो खरंच उतरला. वर आला तेव्हा घामानं डबडबला होता अन् त्यानं प्रश्न परत विचारला नाही, त्यानं विचारलं, "काका, बेनीसिंगाचं घर कुठं होतं?"