गुंठा, स्टँप आणि वकील

एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, म्हणजे मोफा, आला. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये घरांची खरेदी-विक्री कशी होत गेली, हे समजून घ्यायला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला वाटतं.

मोफाने बिल्डरवर एक बंधन घातलं. जमिनीवरच्या आपल्या हक्काचा दाखला किमान तीन वर्षं वकिली केलेल्या वकिलाकडून घ्यायचा आणि तो गिऱ्हाइकाला दाखवायचा. पुढे गृहकर्ज देणाऱ्या बँकाही सर्च रिपोर्ट मागू लागल्या. जुने फेरफार, दुय्यम निबंधकाकडचे दस्त, सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क'... हे सगळं वकील तपासू लागला. म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याला वकील शोधावा लागला नाही, तो आपोआप मिळाला.

पण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील सातारा, सोलापूर, मराठवाड्याकडून येऊन कंपनीत लागलेले. फ्लॅट त्यांच्या आवाक्याबाहेरचा. त्यांनी गुंठा घेतला, तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्याचं खरेदीखत होणं अवघड, म्हणून स्टँपपेपरवर साठेखत आणि जोडीला कुलमुखत्यारपत्र. वकिलाच्या जागी एजंट, कर्जाच्या जागी भिशी आणि बायकोचे दागिने!

वकील असता तर त्याने काय विचारलं असतं? जमीन कूळकायद्यातली आहे का, आणि असेल तर विकायची परवानगी घेतली का? १९७२ साली झालेल्या प्राधिकरणाच्या हद्दीत येते का? विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का? आणि बहुतेक वेळा त्याने सांगितलं असतं, "घेऊ नका." मग या माणसांनी राहायचं कुठे? म्हणून त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कायद्याने वकील दिला तो फ्लॅटवाल्याला. ज्याला त्याची जास्त गरज होती तो बाहेरच राहिला.

पुढे २००१ साली गुंठेवारी कायदा आला आणि काही घरं नियमित होण्याची वाट मोकळी झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की साठेखत आणि मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. २०१७ मध्ये नियोजित रिंगरोडसाठी वाल्हेकरवाडी, थेरगाव, काळेवाडी भागात नोटिसा गेल्या, तेव्हा घरं वाचवण्यासाठी बायामाणसं रस्त्यावर उतरली. वीजबिल, घरपट्टी, रेशनकार्ड सगळं होतं त्यांच्याकडे. पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे!

आता ती घरं मुलं विकायला काढतात. घेणाऱ्याला कर्ज हवं असतं, आणि वडिलांच्या वेळी कोणी न विचारलेले प्रश्न बँकेचा वकील आज विचारतो.

असो. आमच्या घरातली तरुण मंडळी सध्या चाकणकडे जागा बघताहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं : इसार देण्याआधी स्वतःचा वकील गाठा आणि त्याची फी द्या. एजंटाने आणलेला नको, बिल्डरचाही नको, आपला!