चिनी थडग्यांतील मृण्मय पशू : शब्द आणि वस्तू

मृताबरोबर पुरण्यासाठी मुद्दाम घडविलेल्या वस्तूंना प्राचीन चिनी भाषेत 'मिंग-छी' अशी संज्ञा आहे. 'छी' म्हणजे पात्र अथवा उपकरण. 'मिंग' या पदाचा मूळ अर्थ 'तेजस्वी' असा असून प्रस्तुत समासात तो पितृलोकाशी निगडित झाला आहे. 'ली-ची' या आचारग्रंथानुसार अशा वस्तूंना आकार असावा, परंतु त्या प्रत्यक्ष वापरण्याजोग्या नसाव्यात. याच ग्रंथात 'युंग', म्हणजे थडग्यात ठेवावयाची मानवाकृती, निषिद्ध मानली आहे. कारण तिच्या वापरातून जिवंत मनुष्य पुरण्याची वाट मोकळी होते, अशी कन्फ्यूशियसची भीती तेथे नमूद आहे.

ग्रंथाने सूचित केलेला हा क्रम उत्खननाने उलटा ठरविला. शांग राजवंशाची अखेरची राजधानी आन्यांग येथे १९२८ साली उत्खननास प्रारंभ झाला. तेथील इ. स. पू. तेराव्या ते अकराव्या शतकांतील राजथडग्यांत बळी दिलेली माणसे, घोडे व कुत्रे सापडले. शवपेटीच्या खालील लहान खड्ड्यात कुत्रा पुरण्याची चाल तर विशेष प्रचलित होती. म्हणजे सजीव आधी आणि प्रतिमा नंतर, असा वास्तव क्रम दिसतो.

तथापि प्रतिमेने सजीवाची जागा सरळ रेषेत घेतली, असेही म्हणता येत नाही. इ. स. पू. १४१ मध्ये निधन पावलेल्या हान सम्राट चिंग याच्या शीआनजवळील यांगलिंग या समाधिस्थानाचे खंदक १९९० पासून प्रकाशात आले. त्यांत डुकरे, कुत्री, शेळ्यामेंढ्या, गुरे व कोंबड्या यांच्या रंगविलेल्या मृण्मय आकृती रांगारांगांनी मांडलेल्या आढळल्या. परंतु याच सम्राटाची आजी राजमाता पो हिच्या नानलिंग समाधीपाशी खरा गेंडा व खरा पांडा पुरलेला होता. दोन्ही समाधींचा काळ जवळजवळ एकच. यावरून असे अनुमान निघते की, नित्य उपयोगातील कळप मातीचा चालत असे. दुर्मीळ प्राणी मात्र खराच हवा असे.

उत्तर हान काळात पशूंबरोबर त्यांचे निवासही मातीत घडविले जाऊ लागले. हिरव्या शिसेयुक्त झिलईच्या एका नमुन्यात डुकरांच्या गोठ्यावर शौचकूप बांधलेला दिसतो. इ. स. १०० च्या सुमारास शू शन याने रचलेल्या 'श्वो-वन' कोशात 'हुन' या शब्दाचा अर्थ शौचकूप असा दिला असून, त्याचे चिन्ह कुंपणातील डुकराचे आहे, असे स्पष्टीकरण केले आहे. केवळ कोश पाहणाऱ्यास ही व्युत्पत्ती विचित्र वाटेल. मृण्मय नमुना समोर ठेवताच तिची सार्थता पटते. येथे वस्तू शब्दाची साक्ष देते.

थांग काळात या कलेचा उत्कर्ष झाला. पिवळट, हिरव्या व तपकिरी झिलईचे 'सान-त्साय' घोडे आणि दोन मदारींचे उंट सर्वपरिचित आहेत. शीआन येथे इ. स. ७२३ मधील श्यान-यू थिंग-हुई याच्या थडग्यात वादकांना पाठीवर घेतलेला उंट १९५७ साली मिळाला. अशा वस्तूंची संख्या शासनाने पदानुसार ठरविली होती : तृतीय श्रेणी व त्यावरील अधिकाऱ्यास ९०, पंचम श्रेणीपर्यंत ६० आणि नवम श्रेणीपर्यंत ४०. जी वस्तू व्याख्येनेच निरुपयोगी, ती अशा रीतीने जिवंतांच्या प्रतिष्ठेसाठी उपयोगी पडू लागली. इ. स. ७५५ च्या आन लु-शानच्या बंडानंतर या निर्मितीस ओहोटी लागली आणि सुंग काळापासून कागदी प्रतिमा जाळण्याची प्रथा बळावली.

सारांश, 'मिंग-छी' ही संज्ञा कायम राहिली, पण तिच्यामागील व्यवहार पालटत गेला. केवळ ग्रंथावर विसंबणाऱ्यास बळी व प्रतिमा यांचा क्रम चुकीचा दिसतो आणि केवळ वस्तू पाहणाऱ्यास तिच्यामागील निषेध कळत नाही. म्हणून प्राचीन चीनच्या अभ्यासात कोश आणि कुदळ यांनी परस्परांची परीक्षा घेणे अगत्याचे ठरते.