पंगतीतले मूल आणि हॉटेलातले मूल

लहान मुलांना घेऊन हॉटेलात जेवायला जाणे परगावी आणि परदेशी राहणाऱ्या अनेक कुटुंबांना जिवावर येते. मूल जागेवर बसत नाही, पदार्थ तिखट निघतो, शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहतात, आणि मग दोष एकतर मुलाच्या हट्टाला लागतो किंवा आईबापांनी लावलेल्या वळणाला. जळगाव-धुळ्याचा इतिहास पाहिला तर हा दोष भलतीकडेच लागतो आहे असे माझे मत आहे. घराबाहेर जेवण्याची खानदेशची रीत हॉटेलांहून जुनी आहे आणि तिच्यात लहान मुलाला हक्काची जागा होती. हॉटेल मात्र उभे राहिले ते एकट्या, कमावत्या, घाईत असलेल्या पुरुषासाठी. मूल तिथे अवघडते, कारण ती जागा त्याला डोळ्यांपुढे ठेवून कधी आखलीच गेली नव्हती.

जुनी रीत आजही डोळ्यांना दिसते. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर मोठी हिरवट वांगी भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून तेलात परतायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुऱ्यांबरोबर केळीच्या पानावर वाढायची. याच वांग्याला 2016 मध्ये जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. लग्नाकार्यात, देवाच्या कार्यक्रमात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते. तिखट भाजी ज्याला झेपत नाही त्याला वरणात कुस्करलेली, तूप घातलेली बट्टी पुरते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे घोड्यांच्या बाजाराइतकीच गर्दी खाऊच्या दुकानांपुढे असते. या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. जागा मोकळी, बसणे जमिनीवर, वेळेची घाई नाही, आणि मुलाकडे पाहायला मामा, आत्या, आजी, शेजारी असे दहा जण. सांडले तर पान उचलायचे, एवढेच. मूल सांभाळणे हे त्या जेवणात दोघांचे ओझे नव्हते, सगळ्या मेळाचे काम होते.

हॉटेल आले ते वेगळ्या गरजेतून. 1860 च्या दशकात लोहमार्ग खानदेशातून भुसावळकडे गेला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अचानक मोठा भाव आला आणि जळगावची बाजारपेठ वाढली. 1870 च्या दशकात जळगावला कापडाची गिरणी निघाली. पुढे अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली, आणि 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू होऊन धुळ्याचा बाजार रेल्वेला जोडला गेला. व्यापारी, दलाल, हमाल, गिरणी कामगार, कोर्टकचेरीला आलेले शेतकरी अशी घरापासून दूर असलेली माणसे वाढली आणि त्यांच्यासाठी खाणावळी व चहाची दुकाने निघाली. पुढच्या काळात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्याभोवती ट्रकचालकांसाठी ढाबे झाले. शेवभाजी ढाब्याला सोयीची पडली यात नवल नाही: शेव दिवसेंदिवस टिकते, काळ्या मसाल्याचा रस्सा तयार असतो, गिऱ्हाईक आले की काही मिनिटांत ताट पुढे जाते. ही व्यवस्था पोटभर आणि झटपट जेवू पाहणाऱ्या प्रौढाची आहे. बायकामुले हॉटेलात येऊ लागली तेव्हा मूळ दालन बदलले नाही. बाजूला पडदा लावून किंवा फळ्या ठोकून ‘फॅमिली रूम’ काढली गेली. कुटुंबाला आत घेतले, पण पाहुणा म्हणून आणि कोपऱ्यात.

पाश्चात्त्य शहरांतही गोष्ट फार निराळी नव्हती. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरियाने 1921 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र पदार्थांचे कार्ड काढले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी लागू झाली होती, दारूचे उत्पन्न बुडाले होते आणि हॉटेलांना नवी गिऱ्हाइके हवी होती. म्हणजे परदेशातल्या उपाहारगृहात आज दिसणारी उंच खुर्ची आणि मुलांचे कार्ड ही मुलांच्या उपजत सभ्यतेची खूण नव्हे. धंद्याला गरज पडली तेव्हा जागा मुलासाठी बदलता आली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुन्या पंगतीचे हे चित्र फार गोड आहे. आक्षेप खरा आहे. पंगत जातीची होती. दलितांना तिच्यात स्थान नव्हते, आणि कित्येक हॉटेलांतही त्यांच्या कपबश्या वेगळ्या असत. हॉटेलाचे दार सर्वांना उघडे असले पाहिजे हे 1950 मध्ये राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने सांगितले. पंगतीने ते आपणहून कधी सांगितले नव्हते. शिवाय बायकांची पंगत शेवटची. मुलाला जे मिळाले ते त्याच्या आईला मिळाले नाही. हॉटेलाच्या टेबलावर ती नवऱ्यामुलांबरोबर एकाच वेळी बसते आणि दुसरे कोणी तिला वाढते, हा लाभ लहान नाही. म्हणूनच मागे फिरा असे माझे म्हणणे नाही. हॉटेलाने आईला दिलेली आणि घटनेने सर्वांना दिलेली जागा राखून, पंगतीने मुलाला दिलेली जागा तिच्यात आणता येते. दुसरा आक्षेप शेजारच्या गिऱ्हाइकाचा: पैसे त्यानेही मोजले आहेत, त्याने गोंधळ का सोसावा? त्याचा हक्क मान्यच आहे. पण भुकेले मूल बंद खोलीत अर्धा तास ताटाची वाट पाहत बसवले की ते रडणारच. पंगतीत लहानांचा खोळंबा सहसा होऊ दिला जात नाही, त्यामुळे त्या रडण्याला कारणच उरत नाही.

सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये, पुण्यात किंवा सातासमुद्रापार राहणाऱ्या खानदेशी कुटुंबाजवळ ते दहा जण आता नाहीत. त्यांचे काम थोडेफार हॉटेलानेच उचलले पाहिजे, आणि त्याची सुरुवात जळगाव-धुळ्यातूनच व्हावी. हॉटेलचालकांनो, लहान मूल आले की त्याचे साधे वरण आणि बट्टी किंवा भात आधी वाढा, हात धुवायला त्याच्या उंचीचा एक नळ बसवा, आणि कुटुंबाला आडोशाच्या खोलीत न ढकलता मोकळ्या अंगणात बसवा. आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसांनो, ते मूल तुमच्याही पंगतीतले आहे असे समजा.