ऋषिकेशच्या वरचं पाणी

उन्हाळ्यात ऋषिकेशला जाल तेव्हा गंगेत पाय बुडवून बघा. ऊन भाजत असतं, पाणी मात्र गारठवतं. त्यात हिमालयातला वितळलेला बर्फ असतो.

या पाण्यावर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. १८९३ मध्ये गोहना इथे दरड कोसळून अलकनंदेची उपनदी बिरही अडली, तळं साचलं. इंजिनिअरांनी पाणी कधी ओलांडेल याचं गणित मांडलं, तारेची लाइन टाकली, काठची माणसं हलवली. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. गढवालमधलं श्रीनगर उद्ध्वस्त झालं, पण माणसं जवळपास सगळी वाचली.

२०२१ मध्ये याच खोऱ्यात, ऋषिगंगेच्या पुरात दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. आता उपग्रह होते, मोबाइल होते. वेळेवर खाली कळवणारी व्यवस्थाच नव्हती.