भोकरदनचा शंख

जालना जिल्ह्याला समुद्र नाहीं, हें सांगावयास भूगोलाच्या पुस्तकाची गरज नाहीं. भोकरदनहून जवळांत जवळचा किनारा गांठावयाचा म्हटला, तरी सरळ रेषेनें ३०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावें लागतें. असें असतां याच भोकरदनच्या पांढरींतून समुद्रांतल्या शंखाच्या वस्तु निघाल्या आहेत. किनाऱ्यावरील जीवसृष्टीपासून कलावंताला स्फूर्ति मिळते असें आपण म्हणतों, तेव्हां वाळूवर बसून लाटांचें चित्र काढणारा चित्रकार आपल्या डोळ्यांपुढें येतो. परंतु समुद्रापासून इतक्या दूर बसून, हातीं आलेल्या शंखाचा आकार ओळखणारा कारागीरही त्याच पंक्तींत बसण्यास पात्र आहे, असें मला वाटतें.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. केळना नदीच्या कांठचें हें नगर सातवाहनांच्या काळीं भरभराटीस आलेलें होतें. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचीं नांवें आजही वाचावयास मिळतात. १९७३ च्या सुमारास डॉ. शां. भा. देव व डॉ. रमेश गुप्ते यांनीं येथें उत्खनन केलें. त्यांत हस्तिदंताची एक भग्न स्त्रीप्रतिमा मिळाली. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिच्याशीं या प्रतिमेचें जवळचें साम्य आहे. साहजिकच अभ्यासकांचें लक्ष हस्तिदंताकडे लागलें, आणि त्याच मातींतले शंख त्या कीर्तीच्या छायेंत राहिले.

बांगडीसाठीं लागणारा पांढरा जड शंख वाटेल त्या किनाऱ्यावर मिळत नाहीं. त्याचीं मोठीं माहेरघरें दोन: एक कच्छ-सौराष्ट्राचा किनारा, आणि दुसरें दक्षिणेकडील मन्नारचें आखात. हा प्राणी उथळ समुद्राच्या वाळूंत राहतो आणि तेथील किड्यांवर उपजीविका करतो. आपल्याच अंगांतून पाझरणाऱ्या चुन्याचे थर तो एका मधल्या खांबाभोंवतीं वळशावळशानें चढवीत जातो. बाहेरून त्यावर मळकट तपकिरी साल असते. ती काढली म्हणजे आंतील दुधाळ शुभ्रता प्रगट होते. घाटाचें निम्में काम या मुक्या जीवानें समुद्राच्या तळाशीं आधींच उरकलेलें असतें.

उरलेलें काम मनुष्याचें. तें कसें होत असे, हें बंगालच्या शांखारी लोकांच्या परंपरेवरून समजतें. अर्धचंद्राकृति करवत दोन्ही हातांनीं धरून ते शंख कापीत. प्रथम शेंडा फोडावयाचा, मधला खांब काढून टाकावयाचा, मग आडवे छेद घेऊन कडीं पाडावयाचीं, तीं आंतून-बाहेरून घांसावयाचीं आणि शेवटीं वर नक्षी कोरावयाची. एका शंखांतून मोजकींच कडीं निघतात, आणि त्यांचा घेरही शंखाच्या घेरापलीकडे जाऊं शकत नाहीं. सोनार सोनें वाढवून बांगडी मोठी करील. शंखकाराला ती मुभा नाहीं. शिवाय वळसा जेथें येऊन मिळतो, तेथें कड्यांत एक सांधा राहतो. हडप्पा काळच्या कारागिरांनीं नेमक्या त्या सांध्यावरच कोनाकृति नक्षी कोरली, आणि निसर्गाची अडचण हाच दागिन्याचा अलंकार झाला. समुद्राकडून घेतलेली स्फूर्ति याहून निराळी ती कोणती? ज्या जीवानें शंख घडविला, त्याच्या मर्जीनें चालणें हाच या कलेचा पहिला धडा होय.

हा शंख भोगवर्धनास आला कोणत्या वाटेनें? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनांत भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेस तगर, म्हणजे आजचें तेर, दहा दिवसांवर असल्याचें सांगितलें आहे. अवघड वाटांनीं गाड्यांतून माल बंदरास जात असे, असेंही तो लिहितो. पैठणाहून उत्तरेस सांची-उज्जयिनीकडे जाणाऱ्या मार्गानें भोगवर्धन जोडलेलें होतें. बंदराकडे माल घेऊन गेलेल्या गाड्या रित्या परतत नसत हें उघड आहे. सौराष्ट्राचा शंख येथें येण्यास याहून सरळ वाट शोधावी लागत नाहीं.

मराठवाडा हा चोहोंकडून जमिनीनें कोंडलेला, म्हणून जगापासून अलग पडलेला प्रदेश, अशी समजूत आपणांपैकीं पुष्कळांची आहे. ती अशा एका बांगडीच्या तुकड्यानें खोटी ठरते. जालना जिल्ह्याची सीमा १९८१ सालची आहे. शंखाची वाट सुमारें दोन हजार वर्षांची आहे. आजच्या नकाशावरील रेघा मागच्या काळावर ओढल्या, म्हणजे आपलाच इतिहास आपणांस परका वाटूं लागतो.

एक खंत मात्र उरते. दान देणाऱ्यांचीं नांवें सांचीच्या दगडावर राहिलीं; करवत ओढणाऱ्याचें नांव कोणीं कोरलें नाहीं. त्याची ओळख सांगणारा पुरावा एकच, आणि तो मातींत आहे. आपल्याकडे जुन्या गांवांची पांढरीची माती घराच्या भिंतींस आणि शेतांत नेण्याची चाल आहे. त्या मातींत शंखाच्या बांगडीचा तुकडा आला, तर हाडकाचा चुरा समजून तो सहज फेंकला जातो. म्हणून माझी वाचकांस, विशेषतः घरांतील मुलांमाणसांस, एवढीच विनंती आहे कीं, अशा मातींत एखादा वांकडा पांढरा तुकडा दिसला, तर तो उचलून पाहावा, जागेची नोंद करावी आणि जाणत्यास दाखवावा. न जाणो, ज्याला आपण हाडूक म्हणून फेंकीत होतों, तें समुद्राच्या एका जीवानें आणि आपल्याच गांवच्या एका माणसानें मिळून केलेलें काम असेल.