कॅसनमधील कामगार आणि रक्तातील बुडबुडा : एका विलंबाचा इतिहास

प्रास्ताविक

अधिक दाबाच्या हवेत काही तास काम करून माणूस घाईने बाहेर आला, तर त्याचे सांधे ठणकू लागतात, पाय लुळे पडतात आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. शरीरात निर्माण होणारे वायूचे बुडबुडे हे या विकाराचे कारण होय, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. तथापि हा बुडबुडा प्रथम दृष्टीस पडला 1670 च्या सुमारास आणि त्यावरील उपाय कामाच्या जागी पोहोचला तो 1890 च्या आसपास. प्रस्तुत निबंधात या प्रदीर्घ विलंबाचा मागोवा घेतला आहे.

रॉबर्ट बॉईल याने हवा काढून घेतलेल्या पात्रात एक विषारी सर्प ठेवला असता त्याच्या डोळ्यातील द्रवात एक बुडबुडा हलताना दिसला. ही नोंद 1670 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दाब उतरला की शरीरातील द्रवातून वायू सुटतो, एवढे त्यातून स्पष्ट होत होते. परंतु त्या काळी माणसाला मोठ्या दाबाखाली तासन्तास राबविणारा कोणताही व्यवसाय नसल्याने ते निरीक्षण कुतूहलापुरतेच उरले.

कॅसन आणि त्यातील माणसे

असा व्यवसाय फ्रान्समध्ये उदयास आला. लुआर नदीकाठच्या कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी त्रिजे या अभियंत्याने दाबाखालील हवेने पाणी मागे रेटण्याची युक्ती योजिली आणि 1841 साली तिचा वृत्तांत दिला. हीच युक्ती पुढे पुलांच्या पायांसाठी वापरली गेली. तळ नसलेली प्रचंड पेटी, म्हणजेच कॅसन, नदीच्या तळाशी बसवायची, आत हवा दाबून भरायची आणि त्या हवेत उभे राहून माणसांनी गाळ उपसायचा, अशी ही पद्धत होती. ये-जा करण्यासाठी एक हवाबंद कोठडी असे. दुखणे उद्भवे ते आत नव्हे, तर या कोठडीतून बाहेर आल्यावर.

पोल आणि वातेल या फ्रेंच वैद्यांनी 1854 साली नेमके हेच नोंदविले. शिवाय रुग्णाला पुन्हा दाबाखाली नेले असता आराम पडतो, हेही त्यांनी पाहिले होते. म्हणजे उपाय त्यांच्या हाती आला होता. मात्र त्यांनी कारण शोधले ते रक्तसंचयात. बाहेरील दाबामुळे रक्त आतील अवयवांकडे ढकलले जाते, अशी ती उपपत्ती. बॉईलच्या बुडबुड्याचा येथे उपयोग झाला नाही.

अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स याचा पूल उभा राहत असताना 1870 साली मृत्यूंचे सत्र सुरू झाले. वेदनेने वाकून चालणाऱ्या कामगारांची त्यांचेच सोबती त्या काळच्या फॅशनेबल स्त्रियांच्या वाकलेल्या चालीशी तुलना करीत. ‘बेंड्स’ हे नाव या थट्टेतून रूढ झाले, असे सांगितले जाते. तेथील वैद्य झामिने स्वतः खाली उतरला, काही मिनिटांतच दाब उतरवून बाहेर आला आणि त्याला पक्षाघाताचा झटका आला. तो वाचला. त्याने कामाचे तास कमी करविले, हे योग्यच झाले. पण बाहेर येण्याच्या वेगाकडे त्याचे पुरेसे लक्ष गेले नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची हकिगत अधिक बोलकी आहे. तेथील न्यूयॉर्क बाजूचे कॅसन 1872 साली 78 फूट खोलीपर्यंत गेले. वैद्य अँड्र्यू स्मिथ याने 110 रुग्णांची नोंद ठेवली. ‘कॅसन-रोग’ हे नाव त्यानेच दिले. वाढीव दाबाच्या प्रत्येक वातावरणामागे किमान पाच मिनिटे घेऊन बाहेर यावे, असे त्याने सुचविले. आजच्या ज्ञानानुसार हा अवधी फारच अपुरा होता. पुन्हा खाली गेले की दुखणे ओसरते, हे कामगारांना अनुभवाने ठाऊक होते आणि स्मिथलाही ते समजले होते. रुग्णांसाठी दाबाची स्वतंत्र खोली असावी, असे त्याने लिहून ठेवले. पण ती ब्रुकलिनमध्ये बांधली गेली नाही. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याने मृत्यू पाहून खडकापर्यंत न जाता वाळूच्या थरावरच पाया थांबविला. तो स्वतःही या विकाराने कायमचा खचला.

बुडबुड्याचा प्रत्यय

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर याचा वायुभारविषयक ग्रंथ 1878 साली प्रसिद्ध झाला. मोठ्या दाबातून एकाएकी बाहेर काढलेल्या कुत्र्यांच्या शिरांत आणि हृदयात त्याला वायू आढळला आणि तो मुख्यतः नायट्रोजन होता. दाब जितका अधिक तितका वायू द्रवात अधिक विरघळतो. शरीर प्राणवायू वापरून टाकते, नायट्रोजन मात्र तसाच साठत राहतो. चरबीत तो पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो. मज्जारज्जूतही स्निग्ध पदार्थ विपुल असल्याने पाय लुळे पडण्याचा उलगडा यातून बराचसा होतो. दाब उतरताच हा वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ दिला नाही, तर तो जागच्या जागी बुडबुड्याचे रूप घेतो.

तरीही हडसन नदीखालील बोगद्यात माणसे मरतच होती. तेथे 45 ते 50 कामगारांपैकी महिन्याला सुमारे एक दगावत असे. हे सत्र रोखले ते अर्नेस्ट मॉयर या अभियंत्याने. तो वैद्य नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. आडव्या बॉयलरसारखी लोखंडी खोली बसवून तो रुग्णाला पुन्हा दाबाखाली नेई आणि दाब अगदी सावकाश उतरवी. त्यानंतरच्या 15 महिन्यांत 120 कामगारांपैकी दोनच दगावले. पोल-वातेल यांच्या नोंदीला तोपर्यंत पस्तीसहून अधिक वर्षे उलटली होती.

जॉन स्कॉट हॉल्डेन याने ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग केले. दुखरा पुढचा पाय उचलून धरणारी शेळी हीच त्याची मोजपट्टी होती. एकूण दाब निम्म्यावर आणला तरी सहसा अपाय होत नाही, या निष्कर्षावरून त्याने 1908 साली पाणबुड्यांसाठी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके सिद्ध केली. या मर्यादेत बुडबुडा होतच नाही, असे त्याचे गृहीत होते.

ते पुढे टिकले नाही. सोडावॉटरची बाटली उघडल्याचा दृष्टांत येथे नेहमी दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. अत्यंत शुद्ध द्रवात वायू कितीही जादा साठला तरी बुडबुडा सहजी उठत नाही. त्याला आधी एखादे सूक्ष्म वायुकेंद्र लागते. न्यूटन हार्वे याने 1940 च्या दशकात हे प्रयोगाने दाखविले. पुढे 1960 च्या दशकाअखेर डॉप्लर ध्वनियंत्राने पाणबुड्यांच्या शिरांतील बुडबुडे ऐकू येऊ लागले, तेव्हा कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांतही ते आढळले. मग विकार बुडबुड्याच्या नुसत्या अस्तित्वाने होतो की त्याच्या संख्येने, आकाराने आणि स्थानाने, असा प्रश्न नव्याने उभा राहिला. ही वायुकेंद्रे शरीरात नेमकी कोठे दडलेली असतात, रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर की ऊतींच्या आत, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.